पाचवीचा उंबरठा आणि इंग्रजीची गोष्ट

इंग्रजीच्या अध्यापनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा बहुतेक भाग माध्यमाच्या वादाने व्यापलेला असतो. मुलाने कोणत्या भाषेतून शिकावे, अनुदान कोणत्या शाळेस द्यावे, हे प्रश्न गौण आहेत असे कोणीही म्हणणार नाही. गोमंतकात तर त्यांवरून मोठमोठी आंदोलने झाली आहेत. परंतु या वादात एक साधा प्रश्न मागे राहून जातो. इंग्रजीच्या तासाला मुलापुढे जो मजकूर ठेवला जातो तो त्यास समजतो काय? आणि समजत नसेल तर तो समजावा म्हणून त्याच्यापुढे काय ठेवावे? प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहो, आणि तो करताना पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील शाळकरी मूल आमच्या डोळ्यांपुढे आहे. लघुकथा हे वाचनाकलन वाढविण्याचे साधन आहे, हे विधान आता शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत सर्वत्र आढळते. ते खरेही आहे. मात्र ते कोणत्या अटींवर खरे आहे, याची चिकित्सा वाङ्मयाच्या बाजूनेही झाली पाहिजे असे आम्हांस वाटते.

हे दोन तालुके निवडण्याचे कारण उघड आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात आलेल्या नव्या काबिजादींत त्यांची गणना होते. पेडण्याची सीमा सावंतवाडी-वेंगुर्ल्याशी आणि डिचोलीची दोडामार्गाशी भिडलेली आहे. घरी बोलली जाते ती कोंकणी. तिचे पेडणेकरी रूप मालवणीला फार जवळचे. देवळातील कीर्तन, भजन, जत्रेतील नाटक आणि पत्रव्यवहार यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी. पोर्तुगीज अमदानीत लोकांनी पदरमोड करून मराठी शाळा चालविल्या, आणि १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ साली दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर, गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. मात्र चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकलेले मूल पाचवीत जाते तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याचे माध्यम इंग्रजी होते. १९९० नंतर प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांशी जोडले गेले, २०११ नंतर इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाची वाट मोकळी झाली. तथापि खेड्यातील सरकारी शाळेतून येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पाचवीचा उंबरठा होता तेथेच आहे. कालपर्यंत इंग्रजी हा एक विषय होता. आज इतिहास, भूगोल, विज्ञान ही सर्वच इंग्रजीत उभी राहतात. या उंबरठ्यावर जो अडखळतो तो एका विषयात मागे पडत नाही, सर्वच विषयांत मागे पडतो.

आता वर्गात काय घडते ते पाहू. मूल धडा मोठ्याने वाचते. उच्चार बरे असतात, पूर्णविरामापाशी ते थांबते. खाली दिलेल्या प्रश्नांची उत्तरेही ते बहुधा बरोबर लिहिते. शिक्षकांचे समाधान होते. परंतु हे समाधान किती फसवे असू शकते याचा अनुभव वाचकांनी स्वतःच घ्यावा. पुढील वाक्य पाहा: ‘गोळव्या झिंबाने तळोशीत भिरूळ खुरवली.’ आता प्रश्न: झिंबाने भिरूळ कोठे खुरवली? उत्तर: तळोशीत. झिंबा कसा होता? गोळवा. दोन्ही उत्तरांस पूर्ण गुण द्यावे लागतील, आणि तरीही या वाक्यास काडीचाही अर्थ नाही. ते आम्ही आत्ताच बनविले आहे. मराठीची वाक्यरचना ठाऊक असणाऱ्या कोणासही शब्दांचा अर्थ न कळता ही उत्तरे देता येतील. पाचवी-सहावीतील पुष्कळ मुले इंग्रजीच्या तासाला नेमके हेच करीत असतात. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधावयाचा, त्याच्या मागचापुढचा भाग उतरून काढावयाचा, की झाले. यास वाचन म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. आकलन मात्र म्हणता येणार नाही.

आकलनास आमच्या मते तीन पायऱ्या आहेत. काय सांगितले हे कळणे ही पहिली. जे सांगितले नाही, पण सांगितलेल्यावरून निघते, ते कळणे ही दुसरी. आणि सांगणाऱ्याचा रोख कळणे, म्हणजे तो गंभीरपणे बोलतो आहे की मिस्किलपणे, कोणाच्या बाजूने की विरुद्ध, हे ओळखणे ही तिसरी. आपल्या प्रश्नपत्रिका बहुधा पहिल्या पायरीवर रेंगाळतात. दुसरी व तिसरी पायरी चढण्यास सुटी वाक्ये किंवा माहितीचे तुटक उतारे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांत न सांगितलेले असे थोडेच असते. गोष्टीत ते असते. किंबहुना चांगल्या गोष्टीचे निम्मे बळ न सांगितलेल्यात असते. लघुकथा इंग्रजीच्या वर्गात का आणावी, याचे पहिले वाङ्मयीन उत्तर हेच होय.

गोष्टीतून शिकविणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. छापील मराठी गद्याचा आरंभच मुळी मुलांच्या गोष्टींशी जडलेला आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ व ‘बाळमित्र’ ही पुस्तके १८२८ सालची. ‘बाळमित्र’ तर फ्रेंचातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा प्रवास करून आलेले. त्या पिढीने परभाषेतील गोष्ट आपल्या भाषेत आणली. आज आपण मुलास आपल्या भाषेतून परभाषेतील गोष्टीकडे नेऊ पाहतो. वाट तीच आहे, दिशा उलटी. परंतु इसापाबरोबर आणखी एक वस्तू आपल्या शाळेत आली व ठाण मांडून बसली, ती म्हणजे गोष्टीखालील तात्पर्य. तिच्याकडे आम्ही पुढे येऊ. त्यानंतर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे युग आले. तिच्यावर कित्येक पिढ्यांचे इंग्रजी पोसले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. वाक्यरचनेची शिस्त तिने दिली. मात्र त्या पद्धतीत वाक्य हे एकटे असते. त्याच्या मागे कोणी नसतो, पुढे काही घडत नाही. अशी शंभर वाक्ये बिनचूक भाषांतरित करणारा विद्यार्थी सलग चार पाने वाचताना दमतो, याचे कारण हेच आहे.

मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने ढाक्यास काम करीत असताना या प्रश्नाचा मूलभूत विचार केला. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या द्वैभाषिकत्वावरील ग्रंथात बंगाली मुलांचा विचार करताना त्याने विमाव्यवहारातील एक कल्पना वापरली. विमा मुदतीपूर्वी मोडला तर हाती काही रक्कम पडते. तसे शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय पडते, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे की, बोलणे व लिहिणे अर्धवट राहिले तर ते बहुतांशी वाया जाते. वाचनाची शक्ती मात्र जेवढी आली तेवढी टिकते व पुढे आपोआप वाढते. म्हणून त्याने मर्यादित शब्दसंख्येची, पायरीपायरीने चढणारी गोष्टींची वाचनमाला तयार केली. पेडण्या-डिचोलीच्या शिक्षकांनी हा विचार मनात घोळवावा अशी आमची विनंती आहे. जे मूल दहावीपाशी थांबणार आहे, त्याच्या हाती इंग्रजीची कोणती शिल्लक राहणार? पाठ केलेले निबंध राहणार नाहीत. वाचता आले तर तेवढेच राहील.

मुलास परकी भाषा समजत नाही तेव्हा गोष्ट ती कशी समजावून देते, हे जाणून घेण्यास परदेशी ग्रंथ चाळण्याचीही गरज नाही. पेडण्यातील कोणत्याही जत्रेस रात्री जावे. देवळासमोर दशावतारी नाटक चालू असते. संकासुर येऊन जातो, आख्यान सुरू होते, आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून एखादे आठ वर्षांचे मूल ते पाहत असते. रंगभूमीवरील राजा जे मराठी बोलतो ते संस्कृतप्रचुर असते; तसे मराठी त्या मुलाच्या घरी कोणी बोलत नाही, त्याच्या पुस्तकातही नसते. त्यातील निम्मे शब्द त्यास ठाऊक नसतात. तरीही राजाने राणीचा त्याग केला की त्याच्या पोटात कालवते, आणि कपटी पात्र साधूच्या वेषात आले की तो वेष आहे हे राजाच्या आधी त्यास कळते. हे कसे घडते? कथेचा ओघ त्यास माहीत असतो, पुढे काय होईल याची तो अटकळ बांधतो, आणि अनोळखी शब्दाचा अर्थ प्रसंगावरून उचलतो. शब्दावरून गोष्ट नव्हे, गोष्टीवरून शब्द, असा हा क्रम आहे. हे कौशल्य घेऊन मूल शाळेत येते. इंग्रजीच्या तासाला आपण ते दाराबाहेर काढून ठेवावयास लावतो, आणि मग त्यास आकलन नाही म्हणून तक्रार करतो.

आता एका कथेच्या आधारे हा विचार अधिक स्पष्ट करू. आर. के. नारायण यांच्या मालगुडीतील स्वामीची ‘अ हीरो’ ही कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. एका खेड्यातील मुलाने वाघाशी झुंज दिल्याची बातमी वडील वर्तमानपत्रात वाचतात व धैर्याची थोरवी सांगू लागतात. स्वामीला ते पटत नाही. मग धैर्य असेल तर आज रात्री एकटा माझ्या कचेरीच्या खोलीत निजून दाखव, असे वडील म्हणतात. नेहमी आजीजवळ निजणाऱ्या स्वामीचे धाबे दणाणते. नाना सबबी सांगूनही सुटका होत नाही. रात्री अंधारात काहीतरी हलते. आपला अंत आला असे वाटून तो त्या हलणाऱ्या वस्तूस घट्ट धरतो व कडाडून चावतो. तो चोराचा पाय निघतो. चोर सापडतो, स्वामी शूर ठरतो, शाळेत व पोलिसांत त्याची वाहवा होते. आणि दुसऱ्या रात्री वडील घरी परतण्यापूर्वीच तो आजीच्या कुशीत जाऊन झोपलेला असतो.

या कथेवर पहिल्या पायरीचे प्रश्न हवे तितके काढता येतील: वडिलांनी काय वाचले, स्वामी कोठे निजला, कोणास चावला. ते काढावेतही, पायाशिवाय इमारत नाही. परंतु कथा वाचली असे केव्हा म्हणावयाचे? स्वामी चावला तो धैर्याने की भीतीने, हे मुलास उमगले तेव्हा. दुसऱ्या रात्री तो आजीकडे का गेला, हे कोठेही समजावून न सांगता त्यास कळले तेव्हा. आणि मथळा ज्यास वीर म्हणतो तो खरोखर वीर आहे काय, या प्रश्नावर वर्गात दोन तट पडून भांडण जुंपले तेव्हा. मथळा एक म्हणतो व गोष्ट दुसरेच दाखविते, हा रोख ज्या मुलाने पकडला ते मूल आकलनाच्या तिसऱ्या पायरीवर पोचले. पुढे जाहिरात, बातमी, पुढाऱ्याचे भाषण वाचतानाही त्यास हीच दृष्टी उपयोगी पडेल. शिवाय या कथेतील जग परके नाही. आजीजवळ निजणे, वडिलांचा धाक, अंधारी खोली, यांपैकी काहीही डिचोलीच्या मुलास शिकवावे लागत नाही. नवे असतात ते केवळ शब्द. वस्तू ओळखीची आणि शब्द नवा, असे असले म्हणजे शब्द लवकर वश होतो. याउलट शब्द सोपे पण हिम, शेकोटीची धुराडी व नाताळचे वृक्ष यांनी भरलेली गोष्ट त्या मुलास अधिक कठीण जाते. कथेची काठिण्यपातळी शब्दांच्या लांबीवर मोजणारे ही गोष्ट विसरतात.

अशी कथा वर्गात आणूनही ती मारता येते, आणि मारण्याच्या तीन रीती रूढ आहेत. पहिली, धडा उघडण्यापूर्वी फळ्यावर वीस शब्द व त्यांचे अर्थ लिहून देणे. प्रसंगावरून अर्थ ताडण्याची जी एकमेव संधी मुलास होती, ती येथेच संपते. ज्यांवाचून कथा अडेल असे चारपाच शब्द सांगावेत, बाकीचे मुलाने अंदाजाने घ्यावेत. दुसरी रीत, तात्पर्याची. ‘अ हीरो’चे तात्पर्य ‘नेहमी धैर्याने वागावे’ असे एका मार्गदर्शिकेत लिहिलेले आमच्या पाहण्यात आले. कथा नेमकी ज्या उपदेशाची थट्टा करते, तोच उपदेश तिच्या गळ्यात बांधलेला! तात्पर्य सापडले की मूल गोष्ट टाकून देते, जशी साल टाकून द्यावी. तिसरी रीत, तयार उत्तरे. उत्तर आधीच वहीत उतरले असेल तर वाचण्याचे प्रयोजन राहत नाही. आणि वाचलेच नाही तर आकलन कोठून येणार?

संक्षिप्त व सुलभ केलेल्या कथांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मूळ कलाकृतीस हात लावू नये, हा शुद्धिवाद पाचवीच्या वर्गात परवडणारा नाही. शब्द सोपे करावेत, वर्णने कमी करावीत. परंतु कथेचा सांधा तोडू नये. वरील कथेतून स्वामीची भीती जागेअभावी वगळली, तर उरते ती चोर पकडणाऱ्या शूर मुलाची बातमी. सुलभीकरण करणाऱ्यास भाषेचे ज्ञान असून भागत नाही, त्यास कथा कळावी लागते. हे काम परीक्षा मंडळाच्या समितीइतकेच साहित्यसंस्थांचेही आहे. गोमंतकाच्या मातीतील कथा इंग्रजीत आहेत. ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविलेल्या दामोदर मावजो यांच्या कोंकणी कथांचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध आहेत. लक्ष्मणराव सरदेसाई यांच्यासारख्या मराठी कथाकाराने येथील खेडे कथेत आणले. त्या साऱ्या कथा मुलांसाठी नाहीत, हे उघड आहे. पण त्यांतून निवडून, सोप्या इंग्रजीत उतरवून एक लहानशी वाचनमाला का सिद्ध होऊ नये?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, इंग्रजीच्या तासाला गोष्टीची चर्चा मराठीत किंवा कोंकणीत होऊ दिली तर मूल इंग्रजी कधी शिकणार? आमचे उत्तर असे की, समजणे आणि व्यक्त करणे या भिन्न शक्ती आहेत. स्वामी भ्याला म्हणून चावला, हे ज्या मुलास कळले पण इंग्रजीत सांगता आले नाही, त्याचे आकलन पूर्ण आहे व अभिव्यक्ती अपुरी आहे. आपण त्यास शून्य गुण देतो तेव्हा दोहोंची गल्लत करतो, आणि त्यास आपणास काहीच येत नाही असे शिकवितो. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ साली मांडलेला विचारही याच दिशेचा आहे: पहिल्या भाषेत पक्की झालेली वाचनशक्ती दुसऱ्या भाषेच्या कामी येते. म्हणून चौथीपर्यंतचे मराठी वाचन भक्कम असणे हीच पाचवीतील इंग्रजीची खरी पूर्वतयारी होय. मराठी वाचनालय बंद पाडून इंग्रजी सुधारेल असे समजणे म्हणजे विहीर बुजवून पाण्याची वाट पाहणे होय.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा करावयाचा, परीक्षा जवळ आली. गोष्टी वाचीत बसावयास सवड कोठे? यास फिजी बेटांतील अनुभव हे उत्तर आहे. तेथेही आरंभीच्या इयत्तांनंतर शिक्षण इंग्रजीत होते, आणि विद्यार्थ्यांत भारतीय वंशाची मुले पुष्कळ. १९८० च्या सुमारास एली व मंगूभाई या दोघांनी तेथील आठ ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे अडीचशे सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तके पुरविली. काही वर्गांत शिक्षकांनी मुलांबरोबर वाचून चर्चा केली, काहींत मुलांनी केवळ मूकवाचन केले. आठ महिन्यांनी पाहता वाचन व श्रवण यांच्या आकलनात या मुलांची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाल्याचे आढळले, आणि पुढील वर्षी तो लाभ भाषेच्या इतर अंगांतही दिसू लागला. वेळ गोष्टींनी खाल्ला नाही; गोष्टींनी वेळ वाचविला. मात्र यातील मर्म विसरता कामा नये. तेथे पुस्तके अडीचशे होती. वर्षाकाठी पाठ्यपुस्तकातील पाचसहा कथा, त्याही परीक्षेच्या धाकाखाली वाचून असा परिणाम होईल अशी आशा करणे व्यर्थ आहे.

कथा हे सर्व रोगांवरील औषध आहे असे आमचे म्हणणे नाही. विज्ञानाचा परिच्छेद वाचण्यास वेगळी शिस्त लागते, व्याकरणाचीही जागा आहे. परंतु वाचताना आत काही घडते आहे, पाने उलटण्यास कारण आहे, हा अनुभव ज्यास एकदाही आला नाही त्याच्या ठायी ती शिस्तही रुजत नाही. तो अनुभव गोष्टच देऊ शकते.

२०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीतील अनेक घरांची मिळकत एकाएकी आटली. पेडण्यात मोपच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागली. एका तालुक्यात जुना धंदा डळमळला, दुसऱ्यात नवे व्यवहार आले, आणि दोन्हीकडे आईबाप म्हणू लागले की मुलास इंग्रजी आलेच पाहिजे. त्यांची मागणी रास्त आहे. तिला दिले जाणारे उत्तर मात्र अपुरे आहे. इंग्रजी पाटीची शाळा काढल्याने इंग्रजी येत नाही. करार, सूचनापत्र, नोकरीची अट ज्यास नुसती वाचता येते पण त्यातील न सांगितलेले कळत नाही, तो फसविला जातो. ‘झिंबाने भिरूळ कोठे खुरवली’ याचे अचूक उत्तर देणारी पिढी आपणास घडवावयाची नाही. त्यासाठी प्रत्येक पाचवीच्या वर्गात गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट असावे, त्यास कुलूप नसावे, आणि आठवड्यातून एक तास शिक्षकांनी परीक्षेचा विषय न काढता मुलांबरोबर एक गोष्ट वाचावी. एवढी अपेक्षा फार मोठी आहे असे आम्हांस वाटत नाही.